खुराएवढं पाणी

नाखोन पाथोमच्या बाहेर, कालव्याच्या कडेला
मामाची शेड. पत्र्याखाली तीन हजार बाटल्या,
चपट्या, दारूच्या, लेबलं खरवडलेल्या,
आणि प्रत्येकीत एक मासा.
दोन बाटल्यांच्या मधे पुठ्ठा.
पुठ्ठा काढला की दोघेही पिसारे फुलवतात,
कल्ले ताठ करून काचेवर तोंड आपटतात.
एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणजे काय
ते मी सातव्या वर्षी इथे शिकले.

माझं काम पाणी बदलण्याचं.
दर तिसऱ्या दिवशी, ओळीने.
मासा गाळणीत, जुनं ओतायचं, नवं भरायचं,
चिमूटभर मीठ, बदामाच्या वाळक्या पानाचा तुकडा,
की पाणी कोऱ्या चहासारखं होतं.
प्रयूनमामा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते.
त्याचा एकही मासा घाणीत मरत नाही.

गिऱ्हाईक विचारतं, एवढ्याशा पाण्यात जगतो कसा?
मामा टाचेने जमिनीवर खूण करतो:
खाचरात म्हशीचा पाय रुततो ना,
त्या खुरात साचतं, तेवढं याला पुरतं.
वर येतो, आपल्यासारखीच हवा घेतो.
गिऱ्हाईक हसतं. दोन घेऊन जातं.

खोटं नाही ते.
मी पाहिलाय कोरड्या दिवसांतला खुर,
कडेने भेगाळलेला, मधे ओंजळभर गढूळ,
आणि त्यात तो, मातकट, पंख मिटून.
पण मामा तेवढाच खुर सांगतो.
कालव्याचं दार उघडतं तेव्हाचा सांगत नाही.
तेव्हा खुर कुठे होता ते म्हशीलाही सापडत नाही.
सगळं खाचर एक होतं,
मासा भाताच्या देठादेठांतून निघून जातो,
भांडतो, हरला तर पळतो.
पळायला जागा असते.
खुर पाण्याची वाट पाहत असतो.
बाटली कशाची पाहणार?

बाराव्या ओळीतला निळा
स्वतःचीच शेपटी खायचा.
फाटका कोण घेणार, मामा म्हणाला, टाकून दे.
मागच्या दारी राचबुरीचा रांजण होता,
पोटावर ड्रॅगन, काठाला चीर.
त्यात सोडला.

दोन दिवस तो रांजणात बाटलीएवढाच पोहला.
चार बोटं पुढे, वळला.
चार बोटं मागे, वळला.
जिथे काच नव्हती तिथे त्याला काच होती.
मला रडू आलं असं लिहिता आलं असतं,
पण भूक लागली होती, मी जेवायला गेले.

तिसऱ्या दिवशी दिसेना.
मामा डोकावला. मेला, म्हणाला.
मी कोपरापर्यंत हात घातला,
आणि तळाशी काहीतरी
बोटांना घासून गेलं, रागाने.

पुढे शेपटीला नवी कड फुटली, पारदर्शक,
दुधाच्या पिशवीसारखी.
आणि पानाखाली त्याने फेसाचं घरटं बांधलं,
मादीचा कुठेही पत्ता नसताना.

आता मी बँकॉकला, नऊ बाय अकराच्या खोलीत.
अरुणवदी म्हणते, तूही बाटलीतच की.
मला ती तुलना आवडत नाही.
माझ्या खोलीला कडी आहे,
आणि ती आतून लागते.

परवा मामाचा फोन. गुडघा, भाव, पत्र्याचं गळणं.
मग मधेच: तो रांजण किती लिटरचा गं?
मोजला नाही, म्हटलं. साठ असेल.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
तीन हजार गुणिले साठ
तो तोंडी करतो, मला माहीत आहे.
एका रांजणात एकच राहतो
हे त्याला माझ्याहून जास्त माहीत आहे.

मग म्हणाला,
निळ्याला सकाळी अळ्या टाकल्या.