इट

खानापूर स्टँडमागे, टायरच्या दुकानावर क्लास.
पट्टणशेट्टी सर फळ्यावर लिहितात : हॅबिटॅट लॉस.
वाक्यात उपयोग करा.

मी कणकुंबीकडची. परवाचंच लिहिलं :
बायसन केम इन अवर फील्ड.
ही लॉस्ट हिज फॉरेस्ट.

सरांनी 'ही' खोडून 'इट' केलं.
"जनावर आहे ते. आमच्या कन्नडातही अदु.
माणूस असेल तरच अवनु."
अर्धा मार्क गेला.

डिफॉरेस्टेशन, एक्स्टिंक्शन, बायोडायव्हर्सिटी
वस्तीच्या गाडीत घोकत आले.
जांबोटीपर्यंत स्पेलिंगं पाठ.

रात्री बांधावर
डबा वाजवता वाजवता बाबा थांबले.
बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवरून
खाली, भातावर घेतला.
"दमलाय गं त्यो," म्हणाले,
"खाऊ दे जरा."