पेडवे

केस आधी माझ्या काळ्या कुर्त्यावर दिसले,
मग सोफ्यावर, मग डब्यातल्या पोळीत.
मग भुरकीच्या शेपटीच्या बुंध्याशी
रुपयाएवढं गुलाबी कातडं.
तीन शाम्पू झाले. शेवटच्या बाटलीवरचा कुत्रा
स्थळाच्या फोटोसारखा चकाकत होता.

नेरूळच्या डॉक्टर इराबत्तींनी
कातडं खरवडून काचेवर पाहिलं.
किडा नाही, बुरशी नाही.
"खाते काय?"
सांगत गेले : सकाळी चहात बुडवलेली खारी,
दुपारी दूध-पोळी,
रात्री ऑफिसातून उशीर, मग उरलेली पोळी
नाहीतर बिस्किटं.
त्यांचं पेन थांबलं.
"मी कुत्रीचं विचारतोय."
"मीही तेच सांगतेय."

"केस म्हणजे बहुतेक प्रथिनंच, बाई.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"
चिठ्ठीवर औषध एकही नाही.
उकडलेलं अंडं. लाल भोपळा.
बारके तेलकट मासे, आठवड्यातून दोनदा.
आणि खाली अधोरेखित : दोन महिने धीर.

आमच्या लातूरच्या घरात
अंडं हा शब्दसुद्धा हळू बोलत.
रविवारी दिवाळे गावच्या धक्क्यावर
मी ओढणीने नाक धरून उभी.
"कुत्रीला ना? मंग पेडवं ने,"
बामीबाय म्हणाली,
"मीठ नको, कांदा नको, मसाला तर नकोच.
काटा विरंपर्यंत शिजव."
आणि वाट्यावर दोन जास्त टाकले,
माझ्या तोंडाकडे बघून.

नवा कुकर बाल्कनीत मांडला.
पहिल्या वाफेला शेजारच्या कुट्टीबाईंनी बेल वाजवली :
"मत्ती?"
इतक्या आनंदाने, की नाही म्हणवेना.

तिसऱ्या आठवड्यात काही नाही.
चौथ्यातही कोंडा तसाच.
पाचव्यात, झाडताना, बोटाला काही लागलं,
दिसण्याआधी लागलं :
पीचच्या सालीवर असते तेवढी लव.

मी आता डाळ लावते. दोघींना पुरेल एवढी,
तिची फोडणीआधी काढून ठेवते.

काल आईचा व्हिडिओ कॉल.
भुरकी मध्येच आली, पाठ स्क्रीनभर.
"अगं, केवढी चमकतेय ही!
काय लावतेस?"
"तेल."
"कुठलं गं?"
बाल्कनीत शिट्टी झाली.