भंडाऱ्याचं लग्न

रजेच्या अर्जात लिहिलं : भंडारा, मेहुणीचं लग्न, तीन दिवस.
मेहुणीला दोन पोरं आहेत, ती तुमसरला असते,
पण कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये कोण तपासतं.

वर्धा रोडवरचं हॉटेल. बाहेर शेहेचाळीस,
आत एसी इतका की पोरं जॅकेट घालून बसलेली.
माझ्या खिशात रुमालात बांधलेला कांदा,
ऊन लागू नये म्हणून बायकोनं दिलेला.
फीचे पैसेही तिचेच, तिला विचारून घेतलेले.
तिला न विचारता मी कांदाही नेत नाही.

पहिले चार तास नुसतं पान टाकणं.
छक्की-दुर्री. गुलाम-तिर्री. नव्वी-चौकी.
बावीस वर्षं न हलणाऱ्या काट्याकडे
बघत बसायचा पगार घेतलाय मी.
मला घाई नव्हती.
मग सत्त्यांची जोडी, टेबलावर तिसरी,
आणि इतवारीचा सराफ, एक्का धरून बसलेला,
सगळा ढीग आत सारतो दोन बोटांनी,
मासा-गुंज तोलावी तसा.

रात्री चिप्स पिशवीत, पिशवीवर सही :
ब्याण्णव हजार चारशे.
स्कूटरवरून घरी जाताना चिमण्यांवरचे लाल दिवे दिसले.
माझं युनिट माझ्याशिवाय नीट चालू होतं.
जरा वाईटच वाटलं.

दुसरा दिवस. तर्री-पोह्यांचं तिखट अजून ओठांवर,
आणि पहिल्याच डावाला हातात दोन एक्के.
कामठी रोडचा ट्रान्सपोर्टवाला हरजिंदर
बदामाची दश्शी-नव्वी घेऊन म्हणतो, "देख लेते हैं, बावा."
बदाम. बदाम.
मग दोन पानं माझ्या बाजूची, साधीसुधी,
नाही, एकच. शेवटचं पुन्हा बदाम.
युनिट ट्रिप होतं तेव्हा आधी आवाज थांबतो,
मग सगळे फोन एकदम वाजतात.
इथे कोणीच फोन केला नाही.

सहा चिप्स उरल्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या, सहाच.
बाथरूममध्ये जाऊन कांदा हुंगला.

सहाच्या बारा. बाराच्या पंचवीस. मग तीन तास काही नाही.
संध्याकाळी अठ्ठावीस माणसं आणि सत्तावीस पाकिटं.
कोणी पाणीही पीत नव्हतं.
कोणीतरी जावं, मी नको,
असं मी म्हटलं, मनात, पण पूर्ण शब्दांत.
गेला तो वर्ध्याचा एक पोरगा.
त्याचं जॅकेट खुर्चीवरच राहिलं,
आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही.

तिसऱ्या दिवशी नऊ जण.
समोर पर्णिका बिसेन, गोंदियाची, डेंटलच्या शेवटच्या वर्षाला.
माझ्याकडे राजा-राणी,
टेबलावर राजा, दश्शी, चौकी, अठ्ठी, पुन्हा चौकी.
तिनं सगळंच पुढे लोटलं.
मी तिचा काटा शोधला :
मानेची शीर, अंगठा, श्वास.
पापणीसुद्धा हलली नाही.
तिसरी चौकी हिच्याकडेच आहे, असं मी ठरवलं,
ठरवलं म्हणजे तसा घाबरलो, आणि पानं टाकली.
तिनं आपली उलटी करून दाखवली :
पंजी-छक्की. काही म्हणजे काहीच नाही.
"सॉरी हं, काका."
पानांचं एक वेळ सोडा. काका लागलं.

सातवा आलो. कोणत्या पानांवर गेलो, विचारू नका,
राजा-राणीनंतरचं मी काही पाहिलंच नाही.
बायकोचे पैसे परत केले, वर एका कूलरचे उरले.
"म्हणजे जिंकले ना तुम्ही?" ती म्हणाली,
आणि मला पटकन हो म्हणता आलं नाही.

सोमवारी रात्रपाळी. ठवरे विचारतो,
"काय बे, झालं का लगन?"
"झालं."
"जेवण?"
"चांगलं होतं. शेवटच्या पानाले वाढपी चुकला जरासा."
"अन् नवरी?"
"पापणी नाही हलवली राजा तिनं. शेवटपर्यंत."
ठवरे मान हलवतो,
आणि वहीत दोन वाजताचा दाब लिहितो.