स्क्रू

दिलावर होडेकर दाराबाहेर चपला काढून
सरळ स्वयंपाकघरात आला. हॉल त्यानं बघितलाच नाही.
ओट्यावर दोन बोटं वाजवत म्हणाला,
"काका, घर विकतं ते इथून.
चिमणी लावा. काचेची शेगडी घ्या, चार बर्नरची.
फ्रीज दोन दारांचा. महिन्यात गिऱ्हाईक उभं करतो."
चिमणी म्हटल्यावर कुमुदिनीनं आधी खिडकीकडेच बघितलं.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिचे गुडघे,
आणि लांज्याला मेव्हणीशेजारच्या तळमजल्याच्या दोन खोल्या
फार दिवस थांबणाऱ्या नव्हत्या.
एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं वायरी जोडल्या मी.
रंग नवा दिला म्हणून गाडी घाट लवकर चढत नाही,
एवढं मला कळायला हवं होतं.
तरी साठ हजार मोजले.

नवं ते नवंच दिसावं म्हणून
जुनी शेगडी बाल्कनीत गेली
आणि तिच्यामागून कुमुदिनी.
आत काचेवरचं प्लास्टिक तसंच.
बाहेर वाऱ्याकडे पाठ करून ती बांगडे तळायची,
एका हातानं पत्र्याचा आडोसा धरून.
गिऱ्हाईक यायच्या दिवशी तेही बंद.
त्या दिवशी पिठलं, आणि ओट्यावर लिंबाची फोड चोळायची.
ही सूचनाही दिलावरचीच.

कोल्हापूरच्या एकानं चिमणीचं बटण दाबलं,
दिवा लागला, खूश झाला,
गाडी कुठे लावायची विचारून गेला तो गेलाच.
एका बाईंनी फ्रीजची दोन्ही दारं उघडली.
आत आमचं दह्याचं भांडं आणि उरलेलं अर्धं लिंबू.
एक जण मोबाईलवर दिशा बघत
ओट्यासमोर स्वतःभोवती फिरला, मान हलवली.
नळ मात्र सगळ्यांनी सोडून बघितला.
"पाणी किती वाजता येतं?"
नळ जुनाच होता.
त्याच्याबद्दल दिलावर काही बोलला नव्हता.

जाहिरातीत होतं, समुद्राला लागून.
लोक खिडकीतून वाकून शोधायचे
आणि त्यांना दिसायची समोरच्या इमारतीची पाठ,
तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी.
पांढरा समुद्र त्यामागे.
तो दिसत नाही, पण येतो.
चौथ्या महिन्यात चिमणीच्या स्क्रूंवर
तपकिरी ठिपके धरले.
मी रात्री खोबरेल लावून पुसायचो,
चोरासारखा, स्वतःच्याच घरात.

निवेदिता तोडणकर, सिव्हिलमध्ये नर्स, मूळची हर्णैची,
रात्रपाळी संपवून तशीच आली.
त्या दिवशी कुमुदिनीनं पिठलं केलं नव्हतं.
सांगितलं नव्हतं मला. तिरफळाचा वास जिन्यापर्यंत.
मुलीनं एका स्क्रूवरून बोट फिरवलं,
बोट बघितलं.
"किती महिने झाले बसवून?"
मी दीड म्हणणार होतो.
"चार," कुमुदिनी बाल्कनीतून म्हणाली.
"मग आहे की जवळ समुद्र," ती म्हणाली,
आणि वासाच्या मागे बाहेर गेली.

जुन्या शेगडीचा सांगाडा मी दर दिवाळीला रंगवतो.
एक बर्नर काडी दोनदा ओढल्याशिवाय पेटत नाही.
ती उकिडवी बसून बघत राहिली बराच वेळ,
मग म्हणाली, "ही ठेवून जा.
आतलं सगळं घेऊन जा, आणि तेवढे पैसे कमी करा."
दिलावरनं कपाळाला हात लावला,
दलाली मात्र पुरी घेतली.

तर लांज्याला आता चिमणी आहे, फ्रीज आहे,
चार बर्नर, पैकी दोन वापरात.
कुमुदिनी पंखा लावून तळते, गुडघे बरे आहेत,
बांगडा मात्र इथे दुपारी येतो, बर्फातला.
मी ते डागाळलेले स्क्रू बदलून नवे बसवले होते.
वर्ष होत आलं.
अजून चकचकीत आहेत.
रोज बघतो.