अंगठ्याची रेघ

मथुराबाई गांगुर्डेंच्या उजव्या हाताला
मी सहा चकत्या चिकटवल्या,
बोटाला एक, एक तळव्याला.
तारा मनगटापर्यंत, तिथे काडेपेटीएवढी डबी,
डबीवर हिरवा दिवा.
"शॉक बसंल का?"
नाही म्हटलं.
"मंग असू द्या."

पहाटे पावणेपाचपासून आलेख जागा होता.
बाजरीचं पीठ मळताना तळवा चाळीस न्यूटन,
कुकरचं झाकण, जे कधीच सरळ बसत नाही,
पिळलेलं लुगडं, हंड्याचा काठ,
मग टेम्पोचा दांडा,
दिंडोरी रोडच्या प्रत्येक खड्ड्याला एक सुळका.
(मोजले मी. म्हसरूळ ते पॅकहाऊस, एकोणतीस.)

साडेआठला रेघ आडवी झाली.
नऊला आडवी. दहाला तशीच.
कॉलेज रोडला, खुर्चीत बसून मी ठरवलं
तार तुटली. नाहीतर गारठ्यानं चकत्या मेल्या.
स्कूटर काढली.

आत टोप्या घातलेल्या चाळीस बायका, कुणी बोलत नव्हतं.
मथुराबाईंनी उजव्या हातात घड धरला होता,
देठाला, दोन बोटांत,
आणि उजेडात हळूच फिरवत होत्या.
कात्री डाव्या हातात.
एक चिरका मणी गेला,
शेजारच्या मण्याला पत्ता लागला नाही.
डबीवरचा दिवा हिरवाच.

"लव पुसली की पेटी परत येते, ताई.
धरायचं,
पर द्राक्षाला कळू द्यायचं नाही."

म्हणजे तार शाबूत होती.
शून्याच्या जवळ, शून्य नव्हे,
इतक्या बारीक जागेत
ही बाई रोज आठ तास काम करते
आणि माझं यंत्र त्याला बिघाड म्हणतं.
शिवाय ती डावरी.
ते मी विचारलंच नव्हतं.

शनिवारी पाचशे रुपयांची पावती पुढे केली.
स्टॅम्पपॅड त्यांनी कोपरानं बाजूला सारलं.
"अंगठा नाही देत मी. सही येती."
पेन डाव्या हातातून उजव्यात गेलं.
चौथीपर्यंतची शाळा, लाकडी पट्टी,
डाव्या हाताच्या पेरांवर बसलेली,
हे त्यांनी सांगितलं नाही फारसं,
"गुरुजी चांगले होते" एवढंच.
जीभ दातांत धरून त्या लिहीत राहिल्या,
ग ला काना, डोक्यावर टिंब,
आणि माझ्या स्क्रीनवर
अंगठ्याची रेघ चढत गेली,
कुकरच्या वर, दांड्याच्या वर,
आठवड्यातली सगळ्यात उंच.

"झालं? काढा आता हे. हात धुवायचेत."

अहवालाच्या तक्त्यात या कामाला रकाना नाही.
पावतीची प्रत फाईलला लागली.
तिच्याखालचे कोरे कागद मी अजून वापरले नाहीत,
तिसऱ्या कागदावरही
बोट फिरवलं तर
मथुरा लागते.