आईचे बूट

पहिल्याच दिवशी मी आईचे बूट चोरले.
तपकिरी, बंदांचे, डावी टाच एका अंगाने झिजलेली.
गाडीच्या मागच्या सीटखाली, जॅकशेजारी ठेवले
आणि वर पोतं टाकलं.

त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला कोंडायचं कसं?
किल्ली लपवली तर केसातल्या पिनेने कुलूप काढते,
दटावलं तर सज्जातून समोरच्या त्सिआलाला साक्षीला बोलावते.
पण सपाता घालून अंगणात उतरलेली बाई
कुताइसीत अजून जन्मायची आहे,
असं तीच म्हणते.

माझी मिनीबस आधी झेस्टाफोनीला माणसं न्यायची.
साथीत पाव नेऊ लागली, औषधांची खोकी, ऑक्सिजनची नळकांडी,
आणि दोनदा, मागचे पडदे ओढून,
ज्याबद्दल घरी बोलू नये असं काही.

म्हणून मी काचेच्या सज्जात झोपायचो.
मधे लाकडी भिंत. दारात एक खुर्ची.
खुर्ची ही आमची सरहद्द:
ती वाडगा ठेवून चार पावलं मागे जायची, मग मी पुढे.
भांडायचोही त्याच अंतरावरून.
"युद्धातल्या टायफसातून उठलेय मी,
सहा वर्षांची होते, डोकं भादरलं होतं माझं!"
"आता तू सहा वर्षांची नाहीस," मी म्हणालो.
यावर ती दोन दिवस बोलली नाही.

रात्री भिंतीपलीकडून आवाज यायचा.
टक्.
मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.
उंदीर असतील म्हणून मी उशी कानावर घ्यायचो.
मी खोकलो की उंदीर जागे व्हायचे.

मार्चअखेर त्सिआलाच्या दोरीवर
तेच तीन टॉवेल चार दिवस वाळत राहिले.
आईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
पाचव्या दिवशी खुर्चीवर माझ्या वाडग्याशेजारी
आणखी एक वाडगा होता. रिकामा. उपडा घातलेला.

जूनमध्ये बूट परत आणले.
पॉलिश करून खुर्चीवर ठेवले, जसे काही मीच विकत घेतलेत.
पाय आत जाईना.
बंद सगळे काढले, जीभ बाहेर ओढली, तरी जाईना.
तीन महिने खाटेवरून खिडकीशी, खिडकीवरून खाटेशी,
पाय सुजून दुसऱ्याच कुणाचे झाले होते.
तिने माझ्याकडे पाहिलं,
लहानपणी बरणी फोडून मी उभा असायचो
तेव्हा पाहायची तसं.

शेवटी माझे बूट घालून निघाली.
एकतीस पायऱ्या.
नवव्या पायरीवर म्हणाली, "पुरे," आणि तिथेच बसली.
तिथून अंगण दिसत होतं, द्राक्षाचा वेल दिसत होता,
मोकळी दोरी दिसत होती.
वाचवलं मी हिला,
हे वाक्य मी मनात दोनदा म्हणून पाहिलं.
दुसऱ्यांदा ते अडखळलं.

वर आल्यावर तिने खाटेखालून बरणी काढली.
ठिपक्यांचा घेवडा, अर्ध्याहून जरा जास्त.
"हे तुझे," म्हणाली.
"खोकल्याला एक दाणा. भिंत पातळ आहे.
एप्रिलमध्ये एका रात्रीत चव्वेचाळीस झाले.
त्या रात्री सपाता घालून दाराशी बसले होते मी.
पंचेचाळिसावा पडता, तर उतरलेच असते
डॉक्टर आणायला."

मग दाणे निवडले, दोन किडके फेकले,
उरलेले भिजत घातले.
दुसऱ्या दिवशी अक्रोड वाटून लावला, कोथिंबीर घातली,
आणि खुर्ची पायाने बाजूला सारून
वाडगा थेट माझ्या हातात दिला.

मीठ जास्त पडलं होतं.
मी बोललो नाही.