मूळ कारण

मानवत रोडच्या जिनिंगमध्ये
मी गाठींना बारकोड लावतो.
एकशे सत्तर किलोची गाठ,
तिच्या छातीवर तळहाताएवढा स्टिकर:
गाव, गट, हंगाम, वेचणीचा आठवडा.
परदेशात कुणी शर्ट घेताना फोन धरला
की थेट पऱ्हाटीच्या सरीत उभा राहील,
असं प्रशिक्षणात सांगितलं.
नाश्त्याला उपमा होता.

माझ्या टेबलासमोर पट्टा चालतो.
पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बारा बाया
कापसातून माणूस वेचून काढतात.
म्हणजे केस. लुगड्याचा दोरा. बिडीचं थोटूक.
खताच्या पोत्याची निळी सुतळी,
बांगडीची काच,
एकदा दुधाचा दात.
सगळं बरणीत जमा होतं.
सुटी व्हायच्या आधी मी तोलतो,
वहीत लिहितो: अशुद्धी, अकरा ग्रॅम.

जानेवारीत ऑडिट झालं.
ऋत्विज नावाचा पोरगा आला,
बायांमध्ये बसून भाकरी खाल्ली,
ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी उठला नाही.
हजेरी आणि पगारपत्रक शेजारी ठेवून
ओळीओळीवर बोट फिरवलं.
संडासाची कडी आतून लागते का,
स्वतः आत जाऊन पाहिलं.
(आदल्या रात्री बसवली होती. पण लागली.)
शाळेतल्या पाण्याच्या मशीनचा फोटो काढला.
कंपनीचं नाव टाकीहून मोठं आहे.
पाणी मात्र येतं, खोटं कशाला बोलू.

जाताना गयाबाईला म्हणाला,
मावशी, तुमचा फोटो शर्टाच्या लेबलवर छापू?
तिनं टोपीखाली बट सारली.
"मव्हा फोटू चालतो तिकडं,
आन् मव्हा एक केस चालंना व्हय?"
बाया हसल्या. तोही हसला.
पेनाचं टोपण काढलं होतं त्यानं,
ते परत लावलं.

मेच्या शेवटी मेल आला.
गाठ क्रमांक दोन हजार एकशे सतरा.
सूतगिरणीत केस सापडला. एक.
लांबी चौतीस सेंटिमीटर,
मुळाशी पांढरा, टोकाला मेंदी.
सात दिवसांत मूळ कारण कळवा.

त्याचा फॉर्म असतो.
पाच वेळा 'का' विचारायचं,
पाचव्याला मूळ हाती लागतं म्हणे.

केस का आला? टोपी सरकली.
टोपी का सरकली? घाम.
घाम का? पंखे बंद.
पंखे का बंद? वाऱ्यानं तंतू उडतात,
मागच्या ऑडिटमध्ये तसा शेरा आहे.

पाचवा चौकोन.
हंगाम संपलेला, पट्टा गप्प,
पत्र्यावर ऊन कडकड वाजतंय.
मी टाइप केलं: कारण इथं माणसं होती.
चौकोनात बसलं.
मग खोडलं, आणि लिहिलं:
कामगारांना पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले.

त्याला सह्या हव्यात, बाराही जणींच्या.
अकरा झाल्या.
गयाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली,
सेलूकडच्या कुठल्याशा वस्तीवर.
गाठ कुठून आली ते मी क्षणात सांगतो,
तिचा पत्ता कुठल्याच बारकोडात नव्हता.
शाईची डबी खिशात घालून
मोटारसायकलवर निघालो,
पाणंदीत दोनदा चुकलो,
एका पोराला विचारलं, एका म्हातारीला,
पुढं एका पिठाच्या गिरणीत.

तिनं आधी नातू दाखवला.
मग मी फोनवरचा फोटो दाखवला,
बोटानं मोठा केला,
केस पार दोरखंडाएवढा दिसायला लागला.
बराच वेळ बघत राहिली.

"वळखते मी, कुणाचा हाय ते.
पर सांगायची न्हाई."

मग अंगठा पुढं केला.
तेलानं माखलेला होता, बाळाच्या.
शाई धरेना.